गिरणीपासून मोबाईलपर्यंत : कष्टकरी स्त्रीचा प्रवास

मुलगी शिकली की तिला नोकरी लागते आणि यंत्र आले की कष्ट कमी होतात, असे आपण सहज बोलून जातो. गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर आम्हाला ते तितके सोपे दिसत नाही.

कोकणातून, घाटावरून आलेल्या बाया मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत राबत. 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. बाळंतपणात आईला विश्रांती मिळणे यात देशाचेच हित आहे, ही त्यांची भूमिका. 1929 साली कायदा झाला. पण पुढे जलद यंत्रे आली, पाळ्या वाढल्या. 1948 च्या फॅक्टरी कायद्याने बायकांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 काम करण्यास मनाई केली. मालकाला बाईमाणूस गैरसोयीचे वाटू लागले आणि खात्यातल्या बाया कमी होत गेल्या.

त्यांच्या नाती शाळेत गेल्या, दहावी-बारावी झाल्या. त्यातल्या कितीतरी अंगणवाडी सेविका झाल्या. 1975 साली सुरू झालेल्या या योजनेत त्यांना पगार नाही, मानधन मिळते. पुढे त्यांच्या हाती सरकारी मोबाईल आला. वही-रजिस्टरची माहिती त्यात भरायची. फोन निकृष्ट आहेत, अ‍ॅप मराठीत नाही, अशी तक्रार करून 2021 साली महाराष्ट्रातल्या सेविकांनी हजारोंनी फोन परत केले. शिकलेली बाई यंत्राला घाबरली असे कुणी म्हणू नये. आपल्या भाषेत चालणारे, धड टिकणारे यंत्र तिने मागितले, एवढेच. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला.

आता आकडे पाहू. सरकारी पाहणीनुसार 15 वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग 2017-18 साली 23.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 41.7 टक्के झाला. आनंद आहे. पण यातली बरीच वाढ शेतीतल्या आणि घरच्या धंद्यातल्या कामाची आहे, आणि घरच्या धंद्यात राबणाऱ्या कित्येकींच्या हाती मजुरी पडतच नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया 33.3 टक्के, तर पुरुष 57.1 टक्के निघाले. घरात एकच फोन असला तर तो कुणाच्या खिशात असतो, हे आपल्याला ठाऊकच आहे.

म्हणून आमचे वाचकांना सांगणे एवढेच : वस्तीत संगणकाचा वर्ग काढाल तेव्हा त्याची वेळ बायकांना विचारून ठरवा. लेकरं सांभाळायला कुणीतरी ठेवा. आणि घरातला फोन लेकीच्या, सुनेच्याही हाती द्या. 1928 साली आईच्या विश्रांतीचा खर्च समाजाने उचलावा हे मान्य करून घ्यावे लागले होते. तिच्या शिकण्याच्या वेळेचा भारही आता आपणच उचलायचा आहे.