फक्करोगाचीं तीन कारणें व अंगणवाडींतील आहार

काश्यपसंहितेची नेपाळांत मिळालेली ताडपत्रावरील पोथी इ. स. १९३८ मध्यें मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून मुद्रित होऊन बाहेर पडली. पोथी खंडित आहे. पानेंच्या पानें गहाळ आहेत. तथापि फक्कचिकित्सेचें प्रकरण हातीं लागलें, हें बालपोषणाच्या अभ्यासकांचें भाग्यच होय.

वर्ष उलटलें तरी जें मूल पायांनीं चालत नाहीं तें फक्क. संहिताकारानें याचीं कारणें तीन मानिलीं आहेत: धात्रीचें दूध कफदूषित असणें हें क्षीरजाचें, आई पुन्हा गर्भिणी होऊन दूध आटणें हें गर्भजाचें, आणि ज्वरादि रोगांनीं मांस व बळ झडणें हें व्याधिजाचें. कुल्ले, बाहू व मांड्या वाळलेल्या, पोट व डोकें मोठें, असें वर्णन पुढें येतें. कित्येक वैद्य फक्क म्हणजे मुडदूस असें समीकरण मांडतात. गर्भज भेदास तें लागत नाहीं, असें आमचें मत आहे. त्याचें साम्य सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनीं १९३५ मध्यें गोल्ड कोस्टमधील अनुभवावरून वर्णिलेल्या क्वाशिओरकोर रोगाशीं अधिक दिसतें. तें नांव तेथील गा भाषेंतलें असून, पाठचें भावंड आल्यामुळें मागें पडलेल्या मुलाचा रोग, असा त्याचा आशय सांगतात.

दिवसां कांहीं वेळ मूल दुसऱ्याच्या हातीं सोंपविण्याची आमच्या काळची व्यवस्था म्हणजे अंगणवाडी. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांतील ३३ गटांत सुरू झाली. मेळघाटांतील धारणी त्यांपैकीं एक. पूरक आहाराचें प्रमाण मुलामागें रोज ३०० कॅलरी व ८ ते १० ग्रॅम प्रथिनें असें होतें. तें २००९ मध्यें ५०० कॅलरी व १२ ते १५ ग्रॅम झालें. लसीकरण व आरोग्यतपासणी आरंभापासून योजनेंत असल्यानें व्याधिजाचाही विचार झाला म्हणावयाचा. गर्भजाचें काय? अंगणवाडींत बसून शिजविलेलें अन्न खातें तें तीन ते सहा वर्षांचें मूल. दूध तुटतें तें बहुधा त्याच्या आधीं. त्या लहानग्याचा शिधा घरीं जातो आणि घरीं तो चार तोंडांत वाटला जातो. आई मजुरीस गेली म्हणजे तें थोरल्या बहिणीच्या कडेवर. ताटांतील कॅलरी मोजणारांनीं दोन बाळंतपणांमधील अंतरही त्याच वहींत मांडावें, असें आम्हांस वाटतें.

गर्भिणी मातेचें दूध पिणाऱ्या मुलाच्या रोगास माधवनिदानांत पारिगर्भिक हें नांव आहे. वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं बालचिकित्सेचीं मराठी बाडें असल्यास हें प्रकरण त्यांत कोणत्या देशी नांवानें येतें, तें पाहून कळवावें.