विदर्भाच्या रक्तातला ‘जपानी’ मेंदूज्वर

वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजारचे शिवार सोयाबीन-तुरीचे. पूर्वेकडे भंडारा-गोंदियात मात्र धानाच्या बांध्या पावसाळाभर पाण्याने भरलेल्या असतात. जपानी मेंदूज्वर पसरवणारे क्युलेक्स डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतात.

१९२४ च्या भीषण साथीने जपान हादरला आणि १९३५ मध्ये तेथेच हा विषाणू वेगळा करण्यात आला. नाव तेथून आले. पण नाव परके म्हणून रोगही परका, ही समजूत फार काळ टिकली नाही. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र (आजची एनआयव्ही) स्थापन झाले, आणि त्याच सुमारास नागपूर परिसरातील रहिवाशांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. रुग्णाची पहिली नोंद झाली ती १९५५ मध्ये, दूर वेल्लोरला! म्हणजे रोगाची खूण रक्तात आधी सापडली, रुग्ण नंतर.

विषाणू बगळ्यांत व डुकरांत वाढतो. माणसाच्या रक्तात तो इतका अल्प असतो की डास तो पुढे नेऊ शकत नाही. त्यामुळे रुग्णाला वेगळे ठेवून साथ थांबत नाही. विषाणूवर औषध नाही. बचावलेली अनेक मुले कायमचे अपंगत्व घेऊन जगतात. उरते ती लस, सायंकाळपासूनची मच्छरदाणी आणि घरापासून दूर हलवलेले डुकरांचे वाडे. २०१३ मध्ये आलेली स्वदेशी लस कर्नाटकातील कोलार येथे मिळालेल्या विषाणूपासून घडली.

नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाच्या नावाचा, १९६५ मध्ये सापडलेला विषाणू निराळा. तो वाळूमाशी पसरवते; ताप आणि झटके मात्र तसेच.