किरणोत्सारी आयोडीन आणि मुलांची थायरॉइड ग्रंथी

किरणोत्सारी आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मे होते. पण तेवढ्या अवधीत ते गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या पोटात पोचते. थायरॉइड ग्रंथीला साधे आणि किरणोत्सारी आयोडीन वेगळे ओळखता येत नाही. मुलांची ग्रंथी लहान आणि दूध पिणे अधिक, म्हणून किरणोत्साराचा मारा त्यांच्यावरच जास्त होतो. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी येथे झालेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीनंतर रोंगेलाप बेटावरच्या बहुतेक लहान मुलांना पुढे थायरॉइडच्या गाठी झाल्या. चेर्नोबिलच्या अणुअपघातावेळी (२६ एप्रिल १९८६) १८ वर्षांखालील असलेल्यांत २००५ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे ६,००० हून अधिक रुग्ण आढळले. उपचारांमुळे बहुसंख्य वाचले. आहारात आयोडीन कमी असलेल्या भागांत धोका अधिक होता. म्हणून वैनगंगेकाठच्या कारधा गावातही स्वयंपाकघरातले आयोडीनयुक्त मीठ मोलाचे आहे. मात्र मीठ हे अणुअपघातावरचे औषध नव्हे. तेव्हा दूषित दूध लगेच थांबवणे आणि शासकीय सूचनेनुसार पोटॅशियम आयोडाइड वेळेत देणे, हेच मुलांचे खरे रक्षण. — संपादक