झाकलेली खूण

आज ज्या आजाराविषयी बोलायचे आहे, त्याचे नाव चारचौघांत घ्यायला आपण बिचकतो. स्तनाचा कर्करोग. बाई म्हणते, ‘छातीला गाठ आलीय’. आणि तेही घरातल्या एखाद्या थोरल्या बाईपाशी, आवाज खाली करून. गाठ दुखत नाही तोवर सांगतच नाही. मरणाची भीती असतेच, पण शस्त्रक्रियेनंतर लोक आपल्याकडे कसे बघतील ही भीतीही तीत मिसळलेली असते. या दुसऱ्या भीतीलाही इतिहास आहे बरे का!

फॅनी बर्नी ही इंग्लंडची नामांकित कादंबरीकार. पॅरिसमध्ये राहत असताना ३० सप्टेंबर १८११ रोजी तिचा स्तन कापून काढला. शस्त्रवैद्य होता लारे, नेपोलियनच्या सैन्यातला. भूल देण्याचे इथर पुढे १८४६ मध्ये आले, तेव्हा या बाईला मिळाले ते थोडेसे मद्य आणि तोंडावर एक पातळ रुमाल. त्या रुमालातून तिला पलंगाभोवती उभी असलेली सात माणसे आणि पात्याची चकाकी दिसत होती! ती वाचली, १८४० पर्यंत जगली. घडलेले सारे तिने बहिणीला पत्रातून कळवले, पण ते पत्र पुरे करायला तिला कित्येक महिने लागले. लेखणीवर हुकमत असलेल्या बाईची ही गत. मग इतरांचे काय झाले असेल?

पुढे अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे डॉ. हॉलस्टेड यांनी मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळे एकदम काढायचे. १८९४ साली त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले, आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षे हाच रिवाज चालला. छाती खोलगट होई, फासळ्या दिसत, पुष्कळ जणींचा हात सुजे. घरी परतलेल्या बाईने त्यावर अवाक्षर काढायचे नाही, हाही रिवाजच.

टेरेस लॅसर या न्यूयॉर्कच्या बाईंवर १९५२ साली ही शस्त्रक्रिया झाली. हात कसा हलवावा, पोलक्याखाली काय घालावे, हे त्यांना कुणी नीट सांगितले नाही. मग त्या स्वतःच दवाखान्यात इतर बायकांच्या खाटांपाशी जाऊ लागल्या. बरोबर एक चेंडू, हाताच्या व्यायामासाठी दोरी आणि आत घालायची तात्पुरती गादी. काही डॉक्टरांना हे रुचले नाही. पण रोगातून उठलेली बाई समोर धडधाकट उभी आहे, हे पाहूनच निम्मा धीर येतो. तो डॉक्टरांनी कुठून द्यावा? तरीही त्या शिकवणीचा कल एकच : बाहेर कुणाला कळता कामा नये.

२८ सप्टेंबर १९७४ ला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी ती जगजाहीर केली. तपासणीसाठी बायकांची रीघ लागली. थोड्याच आठवड्यांत हॅपी रॉकफेलर यांचाही आजार उघडकीस आला. नाव असे उच्चारले गेले. खूण मात्र अजून कपड्याआडच होती.

ती झाकायला ऑड्रे लॉर्ड हिने नकार दिला. ही कृष्णवर्णीय कवयित्री. १९७८ च्या शस्त्रक्रियेनंतर एका मदतनीस बाईने तिला लोकरीची गादी आणून दिली. रंग फिकट गुलाबी! म्हणजे सगळ्या बायका गोऱ्याच असतात, असे कारखानदाराने धरलेले. ती गादी न घालता लॉर्ड शस्त्रवैद्याकडे गेली, तर तिथली परिचारिका म्हणाली, इतर रोग्यांचे मन खचेल, घालून येत जा. लॉर्डचा प्रश्न बिनतोड होता : इस्रायलचे सेनानी मोशे दायान डोळ्यावर काळी पट्टी बांधून हिंडतात, त्यांना कुणी म्हणते का, काचेचा डोळा बसवा म्हणून? पुरुषाची जखम शौर्याची आणि बाईची मात्र लाजेची! १९८० च्या आपल्या पुस्तकात ती आणखी एक गोष्ट सांगते, आणि मला ती फार मोलाची वाटते. सगळ्याच झाकून बसल्या, तर आपल्यासारख्या किती जणी आहेत, हे एकीचे एकीला कळतच नाही.

आपल्याकडे हे काम पदर करतो. पदराला दोष देण्याचे कारण नाही. पण त्याआडची गाठही झाकली जाते, हे खरे.

१५ ऑगस्ट १९९३ ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवारच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर मातुश्का या छायाचित्रकार बाईने स्वतःचेच चित्र दिले. पांढरा पोशाख, उजवी बाजू मोकळी, आणि तिथे व्रण. पत्रांचा पाऊस पडला. कुणी संतापले, कुणी आभार मानले.

तोवर शस्त्रक्रियाच बदलू लागली होती. डॉ. बर्नार्ड फिशर यांनी १९८५ साली दाखवून दिले, की लहान गाठ असेल तर तेवढी गाठ काढून किरणोपचार दिले, तरी बाई तितकीच वर्षे जगते. मात्र ही सवलत वेळेवर आलेल्या बाईला मिळते. लपवता लपवता गाठ वाढली, की पुष्कळदा सगळा स्तनच काढावा लागतो.