गोड्या पाण्याची भरती

पाय जपून टाका. खाली जमीन नाही. जाडजूड ओंडके करकचून बांधलेला तराफा आहे, आणि तुम्ही नुसता भार बदललात तरी तो कलतो. पहाट व्हायला अवकाश आहे, तरी मानेवरून घाम ओघळतोय, कारण विषुववृत्त इथून फार लांब नाही. श्वास घ्या. चिखल, कुजकं गवत, रॉकेल आणि ओल्या लाकडाचा धूर. साल 1937, बेट बोर्निओ, नदी मार्तापुरा. ही नदी खाली बांजारमासिन शहरापाशी बारितोला मिळते आणि बारितो जावा समुद्राला. गावातून समुद्र दिसत नाही, त्याचा वाससुद्धा येत नाही. तरी इथला सगळा दिनक्रम तोच ठरवतो.

तराफ्याला इथे ‘बातांग’ म्हणतात. आंघोळ इथेच, भांडी इथेच, कपडे इथेच, आणि टोकाला चार फळ्यांचा आडोसा आहे तो कशासाठी हे सांगायला नको. प्यायचं पाणीही याच नदीचं. घरातली नीनी, म्हणजे आजी, ते रांजणात भरते, तुरटी फिरवते आणि गाळ तळाला बसला की वरचं पाणी चुलीवर चढवते.

“आधी अंगावर पाणी घ्या, मग वर या,” नीनी बजावते.

घ्या. पाणी रात्रीच्या हवेपेक्षा उबदार लागतं. पायाच्या बोटांना बारके मासे टोचून जातात, दचकू नका. मग ओल्या फळीवरून वर चढा. घर उंच खांबांवर उभं आहे. खांब उलिनच्या लाकडाचे, आणि हे लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. म्हणून तराफ्याला दुसरं लाकूड आणि घराला हे. छपरावरही कौलांऐवजी उलिनच्याच पातळ फळ्या आहेत. पावसाची सर आली की त्यांच्यावर एवढा ताशा वाजतो की शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं.

आता पटकन होडीत बसा. आचिल, म्हणजे मावशी, निघाली आहे. तिच्या डोक्यावर पानांची भली रुंद टोपी आहे आणि चेहऱ्यावर तांदळाच्या ओल्या पावडरीचा पांढरा लेप. उन्हात दिवस काढायचा म्हणजे हे हवंच. बोटभर तुमच्याही गालाला लावते. थंड वाटतं ना? सुकत जाईल तसं कातडं ताणलं जाईल. होडीचं नाव ‘जुकुंग’. मधोमध बसा, गुडघे पोटाशी घ्या आणि कडेवर बोटं ठेवू नका. थोड्या वेळात दोन्ही बाजूंनी दुसऱ्या होड्या येऊन धडकणार आहेत.

आल्याच. वळण संपतं आणि नदी दिसेनाशी होते. दिसतात त्या फक्त होड्या, टोप्या आणि वल्ही मारणारे हात. बाजार सगळा बायकांचा. कोणी केळीचे घड आणलेत, कोणी पालेभाजी, कोणी नारळ, कोणी जिवंत मासे. टोपलीतला हारुआन मासा शेपटी आपटतो आणि तुमच्या तोंडावर पाणी उडतं. लाकडावर लाकूड घासतं, कोंबड्या ओरडतात, आचिल पलीकडच्या होडीची कड धरून तिला जवळ ओढते. आता बघा, पैसे बाहेर येतच नाहीत. आचिलचे चार नारळ तिकडे जातात, तिकडून भाजीच्या जुड्या येतात. तिकडची बाई मान हलवते, आणखी एक जुडी टाकते, सौदा संपला. अशा अदलाबदलीला इथे ‘बापांडुक’ म्हणतात. भाव कुठे लिहिलेला नाही, पण आज कोणाकडे काय जास्त झालंय आणि कोणाच्या घरी पाहुणे आहेत, हे दोघींना पक्कं माहीत असतं.

भूक लागली असेल. ती चहाची होडी पकडा. तुमच्या हातात टोकाला खिळा ठोकलेली लांब काठी देतील. होडीत बसल्या बसल्याच ती पुढे करायची आणि ताटातला हवा तो खाऊ टोचून घ्यायचा. तांदळाच्या पिठाचे आणि नारळाचे गोड पदार्थ आहेत, पण आज पिवळा भात घ्या. हळदीचा, नारळाच्या दुधात शिजवलेला, वर सुक्या लाल मिरच्यांच्या दाट रश्शातला हारुआन. रस्सा दिसतो तेवढा जाळत नाही. गोडसर आहे, मिरचीचा रंग मात्र बोटांवर राहतो. ऊन चढायच्या आत बाजार विरघळतो. ज्या प्रवाहावर सगळ्या आल्या, तो आता कुठल्या दिशेला वळणार हे प्रत्येकीला ठाऊक आहे, आणि उलट्या पाण्यात वल्हवायची हौस कोणालाच नाही.

चला, शेतावर. नदीतून एका अरुंद कालव्यात वळा. याला ‘हांडिल’ म्हणतात. नदीकाठच्या लोकांनी एकत्र येऊन तो हातांनी खणला आहे, थेट दलदलीच्या पोटात. एकदम वारा पडतो. डासांचा घोंगाट कानात शिरतो. पाणी चहाच्या रंगाचं होतं. झाडावरून नाकाडी माकडं, इथली बेकांतान, धपाधप पाण्यात उड्या टाकतात आणि पोहत पलीकडे जातात.

उतरा. गुडघ्यापर्यंत चिखल. वर कोमट, खाली गार. उतूह पुढे आहे, हा घरातला मोठा मुलगा, अठरा वर्षांचा. त्याच्या हातात लांब दांड्याचं, वाकड्या पात्याचं हत्यार आहे, ‘ताजाक’. तो ते पाण्याखालून सपकन फिरवतो आणि गवत मुळाशी सुटतं. नांगर नाही, बैल नाही. कारण आहे त्याला. या मातीच्या थोडं खाली असा थर आहे की त्याला हवा लागली तर पाणी आंबट होतं, तांबूस तवंग येतो आणि पीक जळतं. म्हणून माती उलथायची नाही, नुसतं गवत कापायचं. कापलेल्या गवताचे गोळे करून तिथेच कुजत ठेवायचे, काही दिवसांनी उलटायचे आणि शेवटी शेतभर पसरायचे. तो तुमच्या नाकात शिरणारा उग्र वास पुढच्या पिकाच्या खताचा आहे.

पाणी कुठून येतं, हे आता पायांनाच कळेल. थोडं थांबा. पोटऱ्यांवरची ओल हळूहळू वर सरकते आहे. भरती लागली. कोकणात आपण खाजणाला बांध घालून भरतीचं खारं पाणी अडवतो. इथे बरोबर उलटं करतात, भरतीला दार मोकळं ठेवतात. समुद्र फुगला की तो नदीचं गोडं पाणी मागे लोटतो, ते कालव्यात चढतं आणि शेतं भिजवतं. ओहोटी लागली की तेच पाणी मातीतला आंबटपणा धुऊन परत नेतं. पंप नाही, मोट नाही. कोरड्या महिन्यांत नदीत पाणी कमी झालं की खारेपणा वर सरकतो, म्हणून पीक त्याच्या आत हाताशी यायला हवं.

भाताचं रोप इथे तीनदा जागा बदलतं. आधी उंचवट्यावर पेरणी, मग थोड्या पाण्यात, मग आणखी एका वाफ्यात, आणि शेवटी या खोल शेतात. तोवर ते इतकं उंच झालेलं असतं की पाण्याखाली गुदमरत नाही. पेरणीपासून कापणीपर्यंत नऊ-दहा महिने लागतात. आचिल तुमच्या हातात लाकडी खुंटी देते. भोक पाडा, रोप रोवा, पाऊल मागे. पाऊल चिखलातून सुटताना येणारा आवाज दिवसभर ऐकायचा आहे. कमरेत कळ येईल, जळू चिकटेल, ऊन पाठीवर नुसतं बसून राहील. कापणीच्या वेळी याच बायका तळहातात मावणाऱ्या पात्याने एकेक लोंबी खुडणार आहेत.

दुपारी घरी. नीनीने निखाऱ्यावर पापुयू मासा भाजलाय, सोबत चिंच, मिरची आणि खारवलेल्या कोळंबीचं आंबट पाणी. भात मोकळा, दाणा न् दाणा वेगळा. आणि हे तळलेलं काय आहे? चाखा. मांसाचा तुकडा वाटतो, पण आहे ती चेंपेडाकची, फणसाच्या जातीतल्या एका फळाची साल. गर खाल्ल्यावर साल फेकत नाहीत. सोलून मिठाच्या पाण्यात आंबवून ठेवतात आणि फळाचा हंगाम सरल्यावरही भातासोबत तळून खातात. याला ‘मांडाई’ म्हणतात. हात चाटाल.

जेवण झालं की सगळं गाव सुस्तावतं. आत एका कापडी पाळण्यात बाळ झोपलंय, आडवं नव्हे, बसवलेलं. मानेभोवती आणि अंगाभोवती दुसरं कापड गुंडाळलंय, डोकं तेवढं बाहेर. जवळ जाऊन बघा, नाकपुड्या हलतायत, कपाळावर घामाचे थेंब आहेत आणि चेहऱ्यावर कमालीचं समाधान. असं बांधलं की बाळ दचकून उठत नाही, आणि घरातल्या बाईचे दोन्ही हात मोकळे राहतात. ते हात चटई विणायला बसतात. दलदलीतलं पुरुन गवत मुसळाने ठेचून चपटं केलेलं असतं. ठक, ठक, ठक. शेजारच्या घरातून तोच आवाज, त्याच्या पलीकडूनही तोच.

संध्याकाळी उतूहच्या शेजारी बातांगवर बसा. पोरगा विचारात आहे. त्याच्यापुढे वाटा बऱ्याच आहेत आणि प्रत्येक वाटेवर कोणी ना कोणी नात्यातलं गेलेलं आहे. एक मामा ‘मादाम’ला गेला, म्हणजे घर सोडून दूरदेशी, समुद्रापार सुमात्रातल्या सापात गावाला. तिथे दलदल तोडून नारळ लावणारे इथलेच बांजार लोक पुष्कळ आहेत. वरच्या मुलखात, हुलू सुंगाईला, चुलतभाऊ रबराचा चीक काढतो. भाव चढा होता तेव्हा तिकडची माणसं हजला जाऊन आली, शिवणयंत्रं घेतली. 1930च्या सुमारास भाव असा कोसळला की कष्ट करून हाती काही उरेना. आता तो पुन्हा वर आलाय. नदीच्याच नावाच्या मार्तापुरा शहराजवळ चेंपाकाला हिऱ्याच्या खाणी आहेत. तिथे खड्ड्यात उतरून माती धुताना हिऱ्याचं नाव घेत नाहीत, त्याला ‘गालुह’ म्हणतात, म्हणजे लेक. नीनीला वाटतं नातवाने मार्तापुराच्या दारुस्सलाम मदरशात शिकावं. 1914 साली तो सुरू झाला. मार्तापुरा म्हणजे शेख मुहम्मद अर्शद अल-बांजारी यांचा मुलूख. 1710 साली जन्मलेल्या या विद्वानाने मक्केत वर्षानुवर्षं अभ्यास केला, परत येऊन धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याचबरोबर दलदलीत कालवाही खणवून घेतला. नीनीच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

लांगारवरचा, म्हणजे गावच्या छोट्या प्रार्थनाघरातला ढोल वाजतो. अंधार एकदम पडतो. मुलांचं पठण सुरू होतं, तेलाच्या दिव्याभोवती किडे घिरट्या घालतात. नीनी पाण्याच्या कडेला थोडा पिवळा चिकट भात आणि अंडं ठेवते. या घराण्याचं नदीतल्या न दिसणाऱ्या पिवळ्या मगरीशी जुनं नातं आहे, आणि नातं म्हटलं की पान वाढायचं.

“मग, काय ठरवलंस?” आचिल विचारते.

“हांडिल पुढे न्यायचा,” उतूह म्हणतो. “सातजण तयार आहेत. खणेल त्याला काठची जमीन.”

“आणि माती आंबट झाली तर?”

“तर माती वर ओढायची.”

म्हणजे काय, ते नीट ऐका. आधी भात. मग शेतातच मातीचे उंचवटे रचायचे, भरतीच्या पाण्याच्या वर येतील एवढे. प्रत्येकावर एक झाड, संत्रं नाहीतर नारळ. दर वर्षी उंचवट्याला आणखी माती, रुंदी वाढत जाते, एकमेकांना मिळतात, आणि खोलगट पट्ट्यांत भात चालूच राहतो. आज लावलेलं रोप त्याची मुलं मोठी होईतो बाग झालेलं असेल. या हिशेबात घाई कुठेच नाही. यातली काही शेतं पुढे खरोखर आंबट होऊन पुरुन गवताखाली गेली. पण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, तेव्हा तुम्हाला हेही ठाऊक आहे की याच पाणथळ भागात, याच पद्धतीने रचलेल्या उंचवट्यांवर, बांजारची सियाम संत्री पिकू लागली आणि त्यांचं नाव झालं. दूरवरची, चिखलात अडकलेली, वाट बघत बसलेली खेडी म्हणून आपण ज्यांच्याकडे बघतो, त्यातलं हे एक. हे गाव मात्र कोणाची वाट बघत बसलेलं नाही. त्याला भरतीचं गणित येतं आणि तीस वर्षांपुढचं झाड आज लावण्याचं धाडस आहे. याला भवितव्य म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

आता झोपा, कारण उतूहने तुम्हालाही धरलंय. पाणी उतरलेलं असेल तेवढ्याच वेळात खणता येतं, आणि उद्याची ओहोटी सूर्याच्या आधी लागते. आठवं फावडं तुमचं.