टॅरो पत्ते आणि आत्मचिंतन

टॅरो पत्त्यांच्या साहाय्याने आत्मचिंतन ही चित्रांकित पत्त्यांचा उपयोग करून स्वतःच्या मनातील विचार, भावना व पेच तपासून पाहण्याची पद्धत आहे. टॅरो हा ७८ पत्त्यांचा युरोपीय कॅट असून तो सर्वसाधारणपणे भविष्यकथनाचे साधन म्हणून ओळखला जातो. आत्मचिंतनाच्या पद्धतीत मात्र पत्ता भविष्य सांगतो असे मानले जात नाही. चित्र पाहून पाहणाऱ्याला काय सुचते, कोणता प्रसंग आठवतो आणि तो आठवताना मनात काय उमटते, याकडे लक्ष दिले जाते. चित्र हे निमित्त असते; उत्तर पाहणाऱ्याचे असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत मुख्यतः इंग्रजी पुस्तकांमधून प्रसार पावली.

इतिहास

टॅरोचा उगम पंधराव्या शतकात उत्तर इटलीत झाला. फ्लॉरेन्स व फेरारा येथील १४४० ते १४४२ या काळातील नोंदींत या पत्त्यांचे उल्लेख आढळतात. मिलानच्या व्हिस्कॉन्ती व स्फोर्झा या सत्ताधारी घराण्यांसाठी हाताने रंगवलेले पत्ते आजही संग्रहालयांत जपलेले आहेत. हे पत्ते खेळण्यासाठी होते. 'तारोक्की' नावाच्या या खेळात विशेष चित्रांचे पत्ते हुकुमाचे काम करीत. फ्रान्स, ऑस्ट्रिया इत्यादी देशांत या कुळातील खेळ अद्याप खेळले जातात.

टॅरो हे प्राचीन इजिप्तचे गूढ ज्ञान आहे, हा समज १७८१ मध्ये आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने रूढ केला. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कोणालाही वाचता येत नव्हती. १८२२ मध्ये शांपोलियन यांनी ती उलगडली, तरी या दाव्याला कोणताही आधार मिळाला नाही. जेबलँनंतर लवकरच 'एतेला' या नावाने लिहिणाऱ्या आल्येत यांनी टॅरोवरून भविष्य सांगण्याची रीत १७८५ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. इंग्रज तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात टॅरोचा खेळ म्हणून असलेला इतिहास विस्ताराने मांडला.

आत्मचिंतनाच्या दृष्टीने १९०९ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी लंडनच्या रायडर या प्रकाशनसंस्थेने आर्थर एडवर्ड वेट यांच्या संकल्पनेवर आधारलेला व पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेला कॅट प्रसिद्ध केला. बहुतेक जुन्या कॅटांत एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या पत्त्यांवर केवळ तितके चषक किंवा तितक्या तलवारी असत. स्मिथ यांनी तेथे माणसे, घरे, नद्या व प्रसंग रंगवले. त्यामुळे प्रत्येक पत्त्यात गोष्टीची शक्यता निर्माण झाली. हा कॅट 'रायडर-वेट' या नावाने जगभर गेला; चित्रकर्तीचे नाव मात्र अनेक दशके मागे राहिले. अलीकडे 'रायडर-वेट-स्मिथ' असे म्हणण्याचा प्रघात पडत आहे.

रेचल पोलॅक यांच्या १९८० च्या पुस्तकाने पत्त्यांचा मानसिक अंगाने अर्थ लावण्याला चालना दिली. मेरी ग्रीर यांचे १९८४ चे पुस्तक तर वाचकाने वही-लेखणी घेऊन स्वतःसाठीच पत्ते पाहावेत अशा योजनेचे आहे.

पत्त्यांची रचना

कॅटातील २२ पत्ते 'मेजर अर्काना' म्हणून ओळखले जातात. मूर्ख, संन्यासी, न्याय, मृत्यू, मनोरा, सूर्य ही त्यांपैकी काही नावे होत. उरलेल्या ५६ पत्त्यांना 'मायनर अर्काना' म्हणतात. त्यांत चषक, तलवारी, दंड व नाणी असे चार रंग असून प्रत्येक रंगात १४ पत्ते असतात. नेहमीच्या खेळातील कॅटापेक्षा येथे प्रत्येक रंगात एक पत्ता अधिक असतो. राजा, राणी व सेवक यांच्या जोडीला घोडेस्वार असतो.

पद्धत

या पद्धतीत प्रश्नाची घडण सर्वांत महत्त्वाची मानली जाते. 'मला ही नोकरी मिळेल का?' हा प्रश्न भविष्याचा आहे. त्याचे उत्तर पत्त्याजवळ नाही आणि विचारणाऱ्याजवळही नाही. 'या नोकरीकडून मला नेमके काय हवे आहे?' या प्रश्नाचे उत्तर मात्र विचारणाराच देऊ शकतो. म्हणून 'होईल का', 'केव्हा होईल' यांऐवजी 'मला काय वाटते', 'मी काय टाळत आहे', 'माझ्या हाती काय आहे' असे प्रश्न घेतले जातात.

प्रश्न लिहून झाल्यावर पत्ते पिसून एक किंवा तीन पत्ते काढतात. तीन पत्ते काढल्यास सद्यःस्थिती, अडथळा व शक्य असलेले पाऊल असा क्रम अनेकदा योजला जातो. प्रथम चित्रात जे दिसते तेवढेच लिहायचे असते. नंतर नजर कोठे खिळली, काय आवडले, काय नकोसे वाटले, हे नोंदवायचे. शेवटी त्याचा मूळ प्रश्नाशी काही संबंध लागतो का ते पाहायचे. संबंध न लागल्यास तसे लिहून वही मिटावी. पुस्तकात दिलेला ठरीव अर्थ अगदी शेवटी पाहिला जातो किंवा पाहिलाच जात नाही; तो आधी वाचल्यास स्वतःचे निरीक्षण मागे पडते.

उदाहरणे

रायडर-वेट-स्मिथ कॅटातील चषकांची पंजी या पत्त्यावर काळा झगा पांघरलेली एक व्यक्ती मान खाली घालून उभी आहे. तिच्यापुढे तीन चषक कलंडलेले असून पाठीमागे दोन उभे आहेत. दूर नदीवर एक पूल दिसतो. जवळचे माणूस गमावलेल्या एखाद्याची नजर सांडलेल्या चषकांवरच थांबेल. दुसऱ्याला मागचे दोन दिसतील, तिसऱ्याला पूल. यांपैकी एक उत्तर बरोबर व बाकीची चूक असे नसते. 'अजून दोन शिल्लक आहेत' हे दुसऱ्याने सांगितले तर दुःखी माणसाला तो कोरडा उपदेश वाटण्याचा संभव असतो. ते स्वतःला दिसले, तर त्याचा अर्थ वेगळा होतो. आणि आज केवळ तीनच दिसत असतील, तर तीही त्या दिवसाची प्रामाणिक नोंद ठरते.

तलवारींची अठ्ठी या पत्त्यावर डोळे व शरीर बांधलेली स्त्री तलवारींच्या मध्ये उभी आहे. तिच्या पायांना मात्र बंध नाही. हे लक्षात येणे किंवा न येणे हाच या पत्त्यावरील चिंतनाचा आरंभ होऊ शकतो.

मानसशास्त्रीय विचार

संदिग्ध चित्रात माणूस आपल्या मनातील आशय पाहतो, या कल्पनेला मानसशास्त्रात प्रक्षेपण म्हणतात. हर्मन रोर्शाक यांची १९२१ ची शाईच्या डागांची चाचणी आणि क्रिस्टियाना मॉर्गन व हेन्री मरे यांची १९३५ ची चित्रकथा चाचणी या कल्पनेवर आधारलेल्या आहेत. टॅरो ही मात्र प्रमाणित चाचणी नव्हे आणि त्यावरून कोणाच्याही मनाचे निदान करता येत नाही. कार्ल युंग यांच्या आदिबंधांच्या संकल्पनेचा आधार टॅरोविषयक लेखक वारंवार घेतात. स्वतः युंग टॅरोविषयी फार थोडे बोलले.

लेखनाच्या परिणामांचा अभ्यास स्वतंत्रपणे झालेला आहे. जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटे लेखन केले. क्लेशदायक अनुभवातील घटना व भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लेखनानंतर लगेच अधिक उदास वाटले. पुढील महिन्यांत मात्र त्यांच्या आरोग्यकेंद्रातील फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. हा निष्कर्ष लेखनाविषयीचा आहे, पत्त्यांविषयीचा नव्हे.

टीका व मर्यादा

ज्या संदिग्धतेमुळे चित्र विचाराला उपयोगी पडते, तिच्यामुळेच ते फसवूही शकते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचे व्यक्तिचित्र' म्हणून एकच मजकूर दिला. सर्वांना तोच मजकूर मिळाला आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. पत्त्याचा अर्थ 'अगदी लागू पडला' असे वाटणे हा म्हणूनच पत्त्याच्या ज्ञानाचा पुरावा होत नाही.

मनाजोगता पत्ता येईपर्यंत पुन्हा पुन्हा पत्ते काढणे, प्रत्येक लहानसहान निर्णय पत्त्यांवर सोपवणे आणि अनुपस्थित व्यक्तीच्या मनातले ओळखू पाहणे हे या पद्धतीचे दुरुपयोग होत. अशा वेळी आत्मचिंतन संपून भविष्यकथन सुरू होते आणि निर्णयाची जबाबदारीही पत्त्यांवर ढकलली जाते. आजार, कायदा व पैसा यांविषयीचे निर्णय त्या त्या विषयातील जाणकारांच्या सल्ल्यानेच घ्यावे लागतात. दीर्घकाळ टिकणारे औदासीन्य किंवा आत्महत्येचे विचार असल्यास पत्ते व वही पुरेशी नसतात. तेथे वैद्यकीय मदत आवश्यक असते. मृत्यू किंवा मनोरा यांसारख्या चित्रांनी भीती वाटत असेल, तर ते पत्ते आधीच बाजूला काढून ठेवता येतात. पत्ते केवळ निमित्त असल्याने कॅट अपुरा राहिला म्हणून या पद्धतीत काहीही बिघडत नाही.