शाळेची मान्यता आणि मुलांची तालीम: जांभूळ परिसरातल्या पालकांसाठी

ॲडमिशनचा मोसम आला की पालक आम्हाला फी विचारतात, बस विचारतात, युनिफॉर्म कुठे मिळेल ते विचारतात. शाळेला मान्यता आहे का, हे क्वचितच कोणी विचारतं. आमच्या ओळखीच्या एका घरातल्या मुलीची तीन वर्षं अशाच एका विनामान्यता शाळेत गेली. शाळा बंद पडली तेव्हा अम्मीच्या हातात फक्त फीच्या पावत्या होत्या.

जांभूळ हे अंबरनाथ तालुक्यातलं गाव. गावातल्या सरकारी शाळेचा कारभार ठाणे जिल्हा परिषदेचा. वर शिक्षणाधिकारी (प्राथमिक), तालुक्याला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली विस्तार अधिकारी, आणि जवळपासच्या काही शाळा मिळून एक केंद्रप्रमुख. शिक्षकांचं प्रशिक्षण 'डायट'कडे, आणि ठाणे जिल्ह्याचं डायट आपल्याच तालुक्यात, बदलापूरजवळ रहाटोलीला आहे. उल्हासनगर महापालिकेच्या शाळांचा कारभार वेगळा.

खासगी शाळेचं काय? शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 18 प्रमाणे मान्यतेच्या प्रमाणपत्राशिवाय शाळा चालवता येत नाही. चालवली तर 1 लाख रुपयांपर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला 10 हजारांपर्यंत. आपल्या राज्यात शाळा 'नमुना 1' मध्ये स्वयंघोषणा देते, तपासणी होते, मग 'नमुना 2'चं प्रमाणपत्र मिळतं. ते कायमचं नसतं, तीन वर्षांनी पुन्हा घ्यावं लागतं. ऑफिसात जाऊन ते दाखवा म्हणायला लाजू नका, आणि त्यावरची तारीख वाचा. दुसरी खूण म्हणजे 11 अंकी यू-डायस क्रमांक. महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक 27 ने सुरू होतो. यू-डायसच्या वेबसाइटवर तो टाकला की शाळेचं नाव, वर्ग, माध्यम सगळं मोबाइलवर दिसतं. शाळेच्या बोर्डावर एक नाव आणि तिथे दुसरंच निघालं तर सावध व्हा.

आपल्या लोकांत एक गैरसमज फार आहे. शाळेला अल्पसंख्याक दर्जा आहे म्हणजे मान्यता आहेच, असं नाही. दोन्ही कागद वेगळे. सुप्रीम कोर्टाने 2014 च्या प्रमती निकालात अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळलं. 1 सप्टेंबर 2025 ला कोर्टाच्याच दुसऱ्या खंडपीठाने त्यावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. पण शाळा चालवायला सरकारी परवानगी आणि यू-डायस नोंद अल्पसंख्याक शाळेलाही लागतेच. दिनी तालीम देणारे मदरसे 2012 च्या दुरुस्तीने कायद्याबाहेर आहेत. म्हणून मुलगा हिफ्ज करत असला तरी शाळेच्या पटावर त्याचं नाव असू द्या, आणि तो वर्गात बसूही द्या. मागे पडला असेल तर कलम 4 प्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यायची जबाबदारी शाळेची आहे.

आता मुलं शिकतात की नाही, हे कोण बघतं? तिसरी संपेपर्यंत समजून वाचणं आणि साधं गणित यावं, हे 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारतचं उद्दिष्ट. त्यासाठी वर्षात पायाभूत आणि संकलित चाचण्या होतात, उर्दू माध्यमातही. शाळेची स्वतःची परीक्षा वेगळी. 2015 मध्ये आलेल्या 'शाळा सिद्धी'त सात क्षेत्रं होती, आता राज्याच्या 'स्क्वाफ' आराखड्यात 128 मानकं आहेत. शाळेने स्वतःला स्तर द्यायचा, पुरावे अपलोड करायचे. खरं सांगायचं तर हे पुरावे जमवताना आम्हा शिक्षकांचा फळ्यासमोरचा वेळ जातो. फोटो छान येतो, पण हातच्याची बेरीज तिथेच अडते.

म्हणून आमचा जास्त भरवसा शाळा व्यवस्थापन समितीवर. सरकारी आणि अनुदानित शाळेत तिचे 75 टक्के सदस्य पालक असतात, सदस्यांत निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा हीच समिती बनवते, आलेला पैसा कुठे गेला तेही तिनेच पाहायचं. आपल्या अम्म्या मात्र सही करून घरी येतात. बैठक जुम्याच्या नमाजच्या वेळेला ठेवली असेल तर वेळ बदलून मागा, मिळते. आणि तिथे विचारा: चौथीतल्या किती मुलांना पुस्तक वाचता येतं? शिक्षकाचं पद रिकामं किती दिवस आहे? 60 पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेत दोन शिक्षक हवेत, पहिली ते पाचवीसाठी वर्षात 200 दिवस शाळा भरायला हवी. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात चिमुकल्या मुलींवर जे गुदरलं त्यानंतर सखी सावित्री समिती, तक्रारपेटी, सीसीटीव्ही यांची चौकशीही याच बैठकीत करा.

शिक्षकांची पदं 30 सप्टेंबरच्या पटावर ठरतात. त्या सुमारास लग्नासाठी, गावी जायचं म्हणून मुलांना दोन-दोन आठवडे घरी ठेवू नका. उर्दू शाळेतली चार मुलं कमी भरली तर एक शिक्षक जाऊ शकतो.

आणि विनामान्यता शाळेत अडकला असाल तर घाबरू नका. आठवीपर्यंत दाखला मिळायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला, या कारणाने सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. नाकारला तर लेखी द्या म्हणा, आणि तो कागद घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.